शेवटच्या अक्षराखालचे दोन ठिपके

शुब्रा, कैरो
९ जानेवारी

फिर्याल,

पत्राच्या आरंभी नमस्कार लिहितात म्हणून लिहिला आहे. तू माझे फोन उचलत नाहीस. पण फोन न उचलायला काही करावं लागत नाही. आलेलं पत्र न फोडता ठेवायला मनोनिग्रह लागतो. तो तुझ्यात कधीच नव्हता, म्हणून हे लिहितो आहे.

कामाचं सांगतो. युसराच्या कार्डांबद्दल लोकभाषा-संस्थेचं पत्र आलं. एका पानात अकरा चुका, आशय मात्र निर्दोष: तळघर रिकामं करायचं आहे. तुझ्या बहिणीने मन्झला सरोवरावरच्या कोळ्यांकडून बावीस वर्षं वेचलेले शब्द, म्हणजे तीन हजार नऊशे कार्डं, संस्थेला आता कागदावर नकोत. तीस एप्रिलपर्यंत त्यांचं वेबपेज झालं तर ते संस्थेच्या शब्दसंग्रहात कायमचं राहील. नाही झालं तर तळघरातली आठ खोकी रद्दीत. आणि साधं पानही चालणार नाही, 'चल' हवं. म्हणजे शब्द विचारला की पानाने तो हुडकून समोर ठेवला पाहिजे.

"असलं पान करून कोण देतं?" मी तिथल्या डॉक्टर नर्मीनबाईंना विचारलं. वय तिशीचं, चष्मा डोक्यावर. डोळ्यांवर आलेला मी पाहिलेला नाही.

"आजकाल कुणीही करतं, उस्ताद. ऑनलाइन कोर्स असतात. माझ्या मावशीने केला, आता ती लोणच्यांचं पान चालवते."

एकतीस वर्षं सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासली, मग माझ्या जागी यंत्र बसवून मला सत्तावन्नाव्या वर्षी घरी पाठवलं, आणि आता मी लोणच्यांच्या मागे रांगेत उभा आहे. कोर्सला नाव घातलं. कीव करू नकोस, फुकट आहे.

चौदा खोक्यांपैकी सहा तुझ्याकडे आहेत. युसरा गेल्यावर चाळिसाव्या दिवशी तू ती गाडीत घालून पोर्ट सैदला नेलीस. पाठव. विनंती करत नाही, कळवतो आहे.

त्या चाळिसाव्याच्या प्रकाराबद्दलही एकदा लिहून टाकतो, दोन वर्षं झाली. युसराच्या थडग्याचा दगड तू करवून घेतलास आणि कारागिराला नाव फोनवर टंकून पाठवलंस. आपण इजिप्तची माणसं शब्दाच्या शेवटी 'आ' असो की 'ई', एकच आकडी काढतो, खाली ठिपके देत नाही. वाचणाऱ्याला अक्कल असते असं आपण गृहीत धरतो. तू सव्वीस वर्षं कुवेतमध्ये शाळा शिकवलीस आणि येताना दोन गालिचे, एक फ्रीज आणि 'ई'खालचे दोन ठिपके घेऊन आलीस. बोटांच्या सवयीने ते ठिपके तुझ्या बहिणीच्या नावाखाली पडले आणि दगडावर 'युसरी' उमटलं. पुरुषाचं नाव. मी मांडवात एवढंच म्हणालो, की अठ्ठावीस वर्षं आपण कुणा युसरी एफेंदीशी संसार केला हे आज कळलं. चूक दाखवणं हा माझा पेशा होता. लोक हसले, तो लोकांचा दोष.

हिल्मी


शुब्रा
२६ जानेवारी

फिर्याल,

उत्तर नाही. ठीक.

आमचे गुरुवर्य म्हणजे इंजिनिअर तामिर. पाठीमागे निळा दिवा, हनुवटीवर दाढीचा प्रयोग चालू. प्रत्येक धडा "मित्रांनो, हे एकदम सोपं आहे" इथून सुरू होतो. मला मित्र म्हणण्याचा अधिकार त्याला कुणी दिला, हे बावीस धड्यांपैकी एकातही येत नाही. तीन शब्द इंग्रजी बोलला की चौथा अरबी बोलतो आणि त्याचीही विभक्ती चुकवतो. सोपं असेल तेव्हा तो वीस मिनिटं बोलतो, अवघड आलं की म्हणतो, "हे तुम्ही स्वतः करून बघा."

या विद्येत एकच गोष्ट मला सभ्य वाटली. जे उघडलं ते मिटावं लागतं. एक शब्द ठळक करायला मी खूण घातली आणि मिटणारी खूण विसरलो, तर तिथून खालचं सगळं पान ओरडायला लागलं. तुझी आठवण झाली.

पहिलं पान केलं तेव्हा पूर्णविराम वाक्याच्या आरंभी जाऊन बसला. हा सगळा कारभार डावीकडून लिहिणाऱ्यांनी उभा केला आहे. उजवीकडून लिहिणारी माणसंही जगात आहेत, हे पानाला सांगावं लागतं, आणि दर पानाला नव्याने सांगावं लागतं. सांगितलं. पूर्णविराम निमूटपणे जागेवर गेला. छापखान्यात खिळे जुळवणारे जुळारी इतक्या लवकर ऐकत नसत, हे कबूल केलं पाहिजे.

आजच्या धड्यात त्याने स्थिर पान आणि चल पान यांतला भेद सांगितला. "मित्रांनो, स्थिर पान म्हणजे थडग्यावरचा दगड. एकदा कोरला की संपलं, तुम्ही काहीही विचारा, तो तेच सांगणार. चल पान तुमच्याशी बोलतं. तुम्ही विचाराल तसं बदलतं."

मी व्हिडिओ थांबवून चहा करायला उठलो. साखर घालायची राहिली.

दगडाचं तू विचारणार नाहीस, तरी सांगतो. ते दोन ठिपके मी घासून घेतले. काम उत्तम झालं आहे.

खोकी.

हिल्मी


शुब्रा
५ मार्च

फिर्याल,

पोर्ट सैदच्या बसच्या टपावरून सहाही खोकी आली. चिठ्ठी शोधली, नाही. दोरीच्या गाठी मात्र इतक्या आवळलेल्या होत्या की तुझा मजकूर पोचला. कात्रीनेच कापाव्या लागल्या. कसर लागू नये म्हणून कार्डांत लवंगा टाकल्या होत्यास. आभार मानत नाही, लवंगांनी मला शिंका येतात.

रोज साठ कार्डं टंकतो. रोजे सुरू झाले आहेत आणि तामिर पडद्यावर भरदुपारी चहाचे घुटके घेत शिकवतो. व्हिडिओ गेल्या वर्षीचा आहे हे मला कळतं. तरीही.

या महिन्यात डेटाबेस शिकलो. डेटाबेस म्हणजे खोक्यांचं खोकं. त्याच्या दारात सर्व्हर नावाचा कारकून बसतो. पानावर कुणी शब्द विचारला की पान कारकुनाकडे जातं, कारकून खोक्यात हात घालतो आणि कार्ड बाहेर देतो. आपल्या सरकारी कचेरीसारखीच रचना, फक्त हा कारकून जागेवर असतो.

पहिली दोन हजार कार्डं त्याच्या हवाली करून पान उघडलं, तर प्रत्येक शब्दाच्या जागी प्रश्नचिन्हं. ओळीच्या ओळी, पानंच्या पानं. कारकुनाला अरबी येत नव्हतं आणि ते त्याने कुणाला सांगितलंही नव्हतं. कोर्सच्या चर्चेच्या पानावर विचारलं. तामिर तिथे कधी फिरकत नाही. अल्जीरियातल्या ओरानच्या वहीबा नावाच्या मुलीने लिहिलं, "काका, अक्षरं कुठली आहेत ते डेटाबेसला सांगितलंत का? एक ओळ राहिली असणार." एकच ओळ राहिली होती. मजकूर मी वेगळा जपून ठेवला होता, तो पुन्हा ओतला. काका म्हणाली, ते खपवून घेतलं.

ती प्रश्नचिन्हं बघत मात्र मी बराच वेळ बसलो होतो. युसरा कार्डं घेऊन यायची. "एकदा नजर टाक ना, तुझी नजर चांगली आहे." मी म्हणायचो, "कोळ्यांच्या बडबडीला शुद्धलेखन कशाला? तुझं चालू दे." हे मला तेव्हा विनोदी वाटायचं. दोन हजार तीनशे कार्डं टंकून झाली आहेत. चुका फार थोड्या आहेत.

जाळं रिकामं वर येण्याला तुमच्याकडे पाच शब्द आहेत, हे तुला माहीत असेलच. मासे नव्हते म्हणून रिकामं, भोक होतं म्हणून, ओढायला उशीर झाला म्हणून, घाई झाली म्हणून. आणि पाचवा शब्द, जाळं टाकलंच नव्हतं, नवऱ्याला नुसतं घराबाहेर बसायचं होतं. त्या कार्डावर तिने कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं आहे: 'कैरोत याला कॅफे म्हणतात.'

मी हे कार्ड पूर्वी पाहिलं नव्हतं. दाखवलं असेल तिने.

हिल्मी


शुब्रा
८ एप्रिल

फिर्याल,

पान झालं. तीन हजार नऊशे कार्डं, वर शोधायची चौकट, शब्द टाका आणि बघा. प्रत्येक कार्डाखाली ओळ: 'संग्राहक: युसरा. टंकलेखन: हिल्मी.' मी ते संस्थेत घेऊन गेलो. चष्मा डोक्यावर ठेवून नर्मीनबाईंनी एक शब्द टाकला. पानाने उत्तर दिलं: काही सापडलं नाही. दुसरा टाकला. काही सापडलं नाही.

"उस्ताद, तुमचं पान बोलत नाही."

"तुम्ही विचारता कसं, त्यावर आहे."

वाकून पाहिलं. तिने शेवटच्या आकडीखाली ठिपके दिले होते. मी तीन हजार नऊशे कार्डांत एकही दिला नव्हता, युसरानेही दिला नव्हता. माणसाला ते एकच अक्षर. यंत्राला दोन वेगळी अक्षरं, एकमेकांची ओळखही नसलेली.

"तुम्ही इजिप्तच्याच ना? मग ठिपके कशाला?"

"फोनवर आपोआप येतात, उस्ताद. आता सगळेच देतात. ठिपक्यांचं काही बिल येत नाही."

चर्चेच्या पानावर विचारलं. या वेळी साक्षात तामिर प्रकटला. "मित्रा, एकदम सोपं. शोधताना दोन्ही अक्षरं एकच धर. एक ओळ." ती ओळ घातली. पान बोलायला लागलं. परवा पुन्हा गेलो. तिने तोच शब्द टाकला आणि कार्ड आलं: वल्हं पाण्यात न वाजवता होडी आणणारा माणूस.

"सुंदर आहे," ती म्हणाली. मग तिने शब्द मोठ्याने वाचला. "हमसी." थांबली. "की हमसा?"

मी कार्डाकडे पाहिलं. आकडी. ठिपके नाहीत.

"वाचणाऱ्याला कळतं," मी म्हणालो.

"मग तुम्ही वाचा."

फिर्याल, मी वाचलं नाही. कोशात असलेला शब्द मी झोपेतही शुद्ध म्हणेन. हा कुठल्याच कोशात नाही. तो आधी फक्त सरोवरावर होता आणि मग त्या कार्डावर.

"उच्चार कळल्याशिवाय शब्द घेता येणार नाही, उस्ताद," ती म्हणाली. आवाज हळू केला होता तिने, तेच मला लागलं. "तीस तारीख आहे अजून."

यंत्राकडून मोजून घेतलं. आकडीवर संपणारे असे तीनशे चौदा.

हे तुला का लिहितो आहे ठाऊक नाही. मार्ग माझा मी काढेन. उद्या मतरियाला, तुमच्या गावी सरोवरावर जातो. कोळी काय मेले नाहीत सगळे.

हिल्मी


शुब्रा
१३ एप्रिल

फिर्याल,

कोळी मेले नाहीत. हसून मरायच्या बेतात होते, माझ्यामुळे.

धक्क्यावर हाजा झन्नूबा जाळं सांधत बसली होती. तुमच्या घरामागची. तिने मला ओळखायला वेळ घेतला, ओळखल्यावर बोलायला त्याहून जास्त.

"युसराचा नवरा? तो छापखान्यातला?"

"हो."

"आहेस होय अजून."

मी कागद काढून वाचलं, "हमसा." दोन माणसं होडीतून उतरून वर आली. "काय म्हणाला? परत म्हणा की, उस्ताद." परत म्हणालो. एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मी त्यांना समजावलं, की या धातूपासून असं रूप व्हायला व्याकरणाचा आधार आहे. नियमही सांगितला. झन्नूबाने सुई खाली ठेवली.

"बाळा, युसरा विचारायची आणि गप्प बसायची. तू विचारतोस आणि आम्हालाच शिकवतोस."

"मग तुम्ही वाचून सांगा, हाजा."

"मला वाचता आलं असतं तर जाळी सांधली असती का मी? आणि यातले निम्मे शब्द माझ्या सासऱ्याच्या तोंडचे. बोरूची बेटं कापली, सरोवर उपसलं, पोरांनी इंजिनं लावली. इंजिनाला कसले आलेत शब्द." तिला चार शब्द ओळखता आले आणि त्यांतल्या दोनांबद्दल तिने मत बदललं. मग म्हणाली, "फिर्यालला विचार ना. दोघी बहिणी आमच्या होडीच्या टोकाला बसायच्या. मोठी लिहायची आणि धाकटी तिला म्हणून दाखवायची. बरोबर जमेपर्यंत म्हणायची. माझा नवरा वैतागायचा, म्हणायचा, या पोरीला कुणीतरी पाण्यात टाका."

धाकटी म्हणून दाखवायची. अठ्ठावीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नाही. किंवा सांगितलं असेल आणि मी विभक्ती तपासत असेन.

येताना युसराकडे गेलो, तुमच्या वडिलांच्या शेजारी. जानेवारीत लिहिलं होतं की ठिपके घासून घेतले आणि काम उत्तम झालं. कारागिराने घासले, तिथे दोन खड्डे पडले आहेत. आधी नुसते ठिपके होते. आता लांबूनही दिसतात. त्यांत पाणी साचलं होतं आणि एक चिमणी पीत होती. ती उडाल्यावर मी निघालो.

हिल्मी


शुब्रा
१७ एप्रिल

फिर्याल,

सोबत एक पत्ता लिहिला आहे. फोनवर उघड. तीनशे चौदा ओळी दिसतील, प्रत्येकीपुढे अर्थ आणि दोन बटणं, 'आ' आणि 'ई'. दाबलंस की तो शब्द सगळीकडे तसा होईल, माझी परवानगी न घेता. ही बटणं तामिरने शिकवली नाहीत, तो "स्वतः करून बघा" म्हणून मोकळा झाला. वहीबाने शिकवली. मी तिला विचारलं, एका माणसाने त्या टोकाला बटण दाबलं तर या टोकाला पान बदललेलं मला दिसेल का? ती म्हणाली, "काका, त्यासाठीच तर चल पान."

त्या ओळींतल्या दोन शब्द नाहीत, नावं आहेत. यंत्राने शेवटची आकडी पाहिली आणि तीही उचलली, युसराचं आणि माझं. ती सोड.

दोन्ही अक्षरं एकच धरणारी तामिरची ओळ मी शोधण्यापुरती ठेवली आहे. उच्चाराला ती लावता येत नाही. लावली तर युसरा आणि युसरी एकच असं होईल, आणि त्याच्यावरून तर आपण बोलत नाही.

लोक हसले तो लोकांचा दोष, असं मी जानेवारीत लिहिलं. वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे. लोक हसले तेव्हा मला बरं वाटलं होतं, फिर्याल. चाळीस दिवस मला काहीच येत नव्हतं, चहासुद्धा. आणि तिथे एकदम मला काहीतरी येत होतं. तू उठून गेलीस तेव्हाही मी हसत होतो. हे तेव्हाच दुरुस्तीत यायला हवं होतं. नजरेतून सुटलं.

हे काम माझ्यासाठी करू नकोस. माझ्यासाठी तू का करशील? शब्द तिचे आहेत, आणि ते म्हणता येणारी एकच व्यक्ती मला सापडली आहे. दुसरी सापडली असती तर तिलाच लिहिलं असतं.

हिल्मी


शुब्रा
१ मे

फिर्याल,

तीनशे चौदा.

हा आकडा मी चार दिवस बघत होतो. शम्म अल-नसीमला, वसंताच्या सणाला, सकाळी कांदे चिरले, बाजारातली खारवलेली मासळी आणली, पान उघडलं: तीनशे चौदा. मासळी युसरा करायची तशी नव्हती. टाकून दिली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर पाहिलं तर तीनशे अकरा. मला वाटलं पान बिघडलं. मग तीनशे नऊ झाले. मी कशालाही हात लावला नव्हता. टेबलावर दोन्ही हात ठेवून बसलो होतो आणि समोर पान बदलत होतं. दोनशे सत्त्याऐंशीला ते थांबलं, अर्धा तास. चहा करत असशील. मीही केला. दोघांचा झाल्यावर पुन्हा आकडा हलला.

पाच दिवसांत दोनवर आला आणि तिथेच राहिला. ती दोन नावं. सोड म्हटलं होतं आणि तू सोडलीस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू माझं ऐकलंस, याचं मला जरा वाईटच वाटलं. तुझी तब्येत बरी नसेल अशीही शंका आली.

काल तीस तारीख. संस्थेत तीन परीक्षक बसले होते, त्यांतला एक जागा होता. नर्मीनबाईंनी भिंतीवर पान उघडलं. आकडा शून्य. सकाळी घरातून निघताना दोन होता.

तिने पहिलं कार्ड काढलं आणि चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला. कार्डाखाली लिहिलं होतं: 'संग्राहक: युसरी. टंकलेखन: हिल्मा.' दुसऱ्याखाली तेच. तीन हजार नऊशे कार्डांखाली तेच.

"उस्ताद, हे युसरी आणि हिल्मा कोण?"

"एक जोडपं."

"हयात आहेत?"

"अर्धं."

तिने माझ्याकडे पाहिलं. जागा असलेला परीक्षकही पाहायला लागला.

"नावं बरोबर आहेत ना? म्हणजे, चूक असेल तर आत्ता सांगा. तुम्ही तर मुद्रितशोधक."

माझ्या खिशात पेन्सिल होती. छापखान्यातली सवय, बोटं तिथपर्यंत गेलीही.

"ज्यांना कळतं त्यांनी तपासली आहेत," मी म्हणालो. "पुढे चला."

तिने हमसी टाकला, ठिपक्यांसकट. कार्ड आलं, खाली तुझा 'ई'. तिने तो मोठ्याने वाचला आणि मला ऐकू आलं की तो तसाच म्हणायचा असतो. कसं कळलं ते विचारू नकोस, त्याला नियम नाही.

संग्रह घेतला त्यांनी. कागदावर शिक्का मारून दिला. त्या मजकुरात चार चुका आहेत, म्हणजे संस्थेची प्रगती आहे. तामिरचंही प्रमाणपत्र आलं, 'अभिनंदन मित्रा'. ते मी खोक्यांच्या तळाशी घातलं, कसर लागली तर आधी त्याला लागेल.

नर्मीनबाईंना सांगून तुझी बटणं चालू ठेवली आहेत. ती दोन नावं दुरुस्त करायची झाली तर तूच करायची. मी हात लावणार नाही. घाई नाही, मला सवय होते आहे.

सहा खोकी परत हवी असतील तर येऊन घेऊन जा. नवी दोरी आणली आहे. गाठी तू मार.

हिल्मा